स्पार्कमध्ये ‘नलेबल’ ताब्यात ठेवताना: कॉलमला नल चालेल की नाही हे ठरवण्याच्या पायऱ्या

वीजमीटरच्या रीडिंगची एक फाइल डोळ्यांसमोर आणा. एका ग्राहकाच्या ओळीत या महिन्याचा वापर ० युनिट आहे, कारण घर महिनाभर बंद होतं आणि वीज जळलीच नाही. दुसऱ्याच्या ओळीत वापराची जागा रिकामी, म्हणजे ‘नल’, आहे, कारण रीडिंग घ्यायला माणूस गेला तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि आकडा मिळालाच नाही. पहिल्याला किमान आकाराचं बिल जायला हवं, दुसऱ्याला मागच्या महिन्यांच्या सरासरीचं. या दोन ओळी एकसारख्या झाल्या तर कुणाचं तरी बिल चुकणार. आणि अपाचे स्पार्क, म्हणजे मोठा डेटा अनेक यंत्रांवर एकदम हाताळणारं इंजिन, त्या एकसारख्या करू शकतं, कुठलीही एरर न देता, फक्त आपण त्या कॉलमच्या स्कीमात, म्हणजे व्याख्येत, ‘नलेबल = फॉल्स’ (इथे नल नसतो) लिहिलं म्हणून.

स्पार्कमधलं हे सेटिंग बहुतेकांना डेटाबेसमधल्या ‘नॉट नल’सारखं वाटतं. दोन्हींत फार मोठा फरक आहे. पोस्टग्रेस किंवा ओरॅकलमध्ये ‘नॉट नल’ लिहिलं की डेटाबेस नल आत येऊच देत नाही. स्पार्कमध्ये ‘नलेबल = फॉल्स’ म्हणजे आपण इंजिनाला दिलेला शब्द: या कॉलममध्ये नल नाही, तू तपासत बसू नकोस. इंजिन त्यावर विश्वास ठेवतं आणि त्यानुसार क्वेरी बदलतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत की हा शब्द आपण खरा असेल तेव्हाच द्यावा, आणि तो खरा राहील याची व्यवस्था दुसरीकडे करावी.

लेखातली उदाहरणं पायस्पार्कची, म्हणजे पायथनमधून वापरायच्या स्पार्कची, आहेत; स्पार्कची दुसरी भाषा स्काला जिथे वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच लिहायची.

शब्द खोटा ठरला तर आत काय होतं

पायऱ्यांकडे जाण्याआधी हे पाहूनच घ्या, कारण त्याशिवाय पुढची काळजी कशासाठी ते कळत नाही.

स्पार्कच्या ऑप्टिमायझरला, म्हणजे कॅटलिस्टला, कॉलम नलेबल नाही असं दिसलं की तो त्या कॉलमवरची ‘इज नल’ ही अट सरळ ‘फॉल्स’ या स्थिर किमतीने बदलून टाकतो, आणि ‘इज नॉट नल’ ही ‘ट्रू’ने. म्हणजे तुम्ही नल ओळी शोधायला फिल्टर लावला, तर तो फिल्टर चालण्याआधीच निकाल ठरलेला असतो: शून्य ओळी. त्याच नियमांत ‘काउंट(वापर)’ हे ‘काउंट(१)’ होतं. नल वगळून मोजायला सांगितलेलं असताना सगळ्या ओळी मोजल्या जातात.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. स्पार्क स्वतः तयार करत असलेल्या जावा कोडमध्ये नलेबल नसलेल्या कॉलमसाठी ‘ही जागा नल आहे का’ ही तपासणी लिहिलीच जात नाही, थेट किंमत वाचली जाते. स्पार्कच्या बायनरी ओळीत नलची नोंद वेगळ्या बिटमध्ये असते आणि प्रत्यक्ष किमतीच्या ८ बाइटच्या जागेत नल असताना शून्य भरलेलं असतं. बिट पाहिलाच नाही तर पूर्णांकाच्या कॉलममधून ० वाचला जातो. फाटकाला कुलूप असलेल्या ग्राहकाचा वापर ० युनिट झाला तो असा. स्ट्रिंगच्या कॉलममध्ये हेच झालं तर बहुधा नल-पॉइंटर एक्सेप्शन येतं आणि जॉब पडतो. माझ्या मते स्ट्रिंगवाला परिणाम बरा, कारण निदान कळतं तरी.

मग फॉल्सचा फायदा काय? साध्या क्वेरीत वेग वाढतो तो इतका थोडा की त्यासाठी धोका पत्करू नये. एका ठिकाणी मात्र फरक मोठा असतो: ‘नॉट इन’ची सबक्वेरी, म्हणजे दुसऱ्या क्वेरीच्या निकालात नसलेल्या ओळी मागणं. कुठल्याही एका बाजूचा कॉलम नलेबल असेल तर नलच्या तर्कशास्त्रामुळे स्पार्कला साधा अँटी-जॉइन (न जुळणाऱ्या ओळी ठेवणारा जॉइन) करता येत नाही. ‘बरोबर आहे किंवा तुलना नल आहे’ अशी अट धरावी लागते आणि प्लॅनमध्ये प्रत्येक ओळ दुसरीकडच्या प्रत्येक ओळीशी ताडणारा नेस्टेड-लूप जॉइन येतो, जो मोठ्या डेटावर तासन्तास चालतो. आवृत्ती ३.१पासून एकाच कॉलमच्या तुलनेसाठी यावर सुधारणा आली आहे, पण दोन कॉलम झाले की प्रश्न पुन्हा तोच. दोन्ही बाजू खरोखर नलेबल नसतील तर हा सगळा प्रपंच टळतो. (‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहिलं तरी टळतो, आणि बहुतेक वेळा मी तेच सुचवेन.)

पायरी १: स्कीमा काय म्हणतो आणि का म्हणतो ते पाहा

‘प्रिंट-स्कीमा’ चालवा. प्रत्येक कॉलमपुढे नलेबल ट्रू की फॉल्स ते दिसेल. तिथेच न थांबता ते उत्तर कुठून आलं हे शोधा, कारण उगमाप्रमाणे नियम बदलतात.

फाइलवरून वाचलेलं काहीही, मग ते पार्के असो, ओआरसी, सीएसव्ही किंवा जेसन, नेहमी ट्रू येतं. तुम्ही वाचताना स्वतःचा स्कीमा दिला आणि त्यात फॉल्स लिहिलं तरी ट्रूच येतं. अनेकांना हा बग वाटतो. तो मुद्दाम घेतलेला निर्णय आहे, आणि योग्य निर्णय आहे. उद्या त्याच फोल्डरमध्ये कुणी वेगळ्या प्रोग्रॅमने नल असलेली फाइल टाकली तर स्पार्कला ती अडवता येणार नाही. मग नल नाही असं मानून चालणं बेजबाबदारपणा ठरेल. जेडीबीसीवरून, म्हणजे थेट डेटाबेसला जोडून, वाचलेल्या टेबलांचंही हेच. मूळ डेटाबेसमध्ये ‘नॉट नल’ असलं तरी डेटाफ्रेममध्ये (स्पार्कमधल्या टेबलात) ट्रू दिसतं. ‘फ्रॉम-जेसन’ फंक्शनही दिलेला स्कीमा मुळातच नलेबल करून घेतं.

जेसन किंवा सीएसव्हीच्या ओळी आधीच स्ट्रिंगांच्या डेटासेटमध्ये असतील आणि तिथून स्कीमा देऊन वाचत असाल, तर आवृत्तीकडे लक्ष द्या. ३.३च्या आधी अशा वाचनात तुमचा फॉल्स तसाच राहत होता, ३.३पासून तोही ट्रू होतो. जुनी वागणूक परत आणणारं एक ‘लेगसी’ सेटिंग आहे. जुना कोड नव्या क्लस्टरवर नेताना एखादी टेस्ट पडली म्हणून ते सेटिंग चालू करू नका, त्या टेस्टकडे पाहा.

मेमरीतून बनवलेल्या डेटाफ्रेमचं वेगळं. पायथनमध्ये ‘क्रिएट-डेटाफ्रेम’ला दिलेला स्कीमा तसाच पाळला जातो, आणि ‘व्हेरिफाय-स्कीमा’ हा पॅरामीटर मुळात चालू असल्याने फॉल्स कॉलममध्ये ‘नन’ सापडला तर तिथेच एरर येते. वेग वाढवायला हा पॅरामीटर बंद करण्याचा सल्ला अधूनमधून वाचायला मिळतो. तो बंद करून फॉल्स लिहिणं म्हणजे मघाशी सांगितलेल्या शून्याला दार उघडून देणं. स्कालात केस क्लासवरून (ओळीचा साचा ठरवणाऱ्या क्लासवरून) स्कीमा बनतो: ‘इंट’, ‘लाँग’, ‘डबल’ हे फॉल्स; ‘स्ट्रिंग’ ट्रू; आणि ‘ऑप्शन’मध्ये (किंमत असेल किंवा नसेल अशा प्रकारात) गुंडाळलेला ‘इंट’ ट्रू. वापराचा कॉलम रिकामा असू शकतो हे माहीत असेल तर केस क्लासमध्ये ‘ऑप्शन’च लिहा.

पायरी २: डेटात नल किती आहेत ते मोजा

स्कीमा पाहून झाला, आता डेटा. प्रत्येक कॉलमसाठी ‘काउंट(व्हेन(कॉलम.इज-नल, १))’ असं एक एक्स्प्रेशन बनवा आणि सगळी एकाच ‘सिलेक्ट’मध्ये द्या. ‘व्हेन’ला ‘अदरवाइज’ नसल्याने नल नसलेल्या ओळींवर त्याची किंमत नल होते, काउंट ती वगळतो, आणि उरतो तो नलांचा आकडा. एकाच फेरीत सगळे कॉलम मोजले जातात, प्रत्येकासाठी वेगळा जॉब लागत नाही. ही मोजणी नेहमी मूळ, नलेबल स्कीमावर करा. आधी स्कीमात फॉल्स लिहून मग नल मोजले तर उत्तर शून्यच येणार, डेटा कसाही असो.

आकडे हातात आले की ते नल आले कुठून हे शोधा. सीएसव्हीत याचं उत्तर बऱ्याचदा धक्कादायक असतं. वाचनाची मूळ पद्धत ‘परमिसिव्ह’ असते. पूर्णांकाच्या कॉलममध्ये ‘१,२४०’ असं स्वल्पविरामासह लिहिलेलं आलं, किंवा ‘लॉक्ड’ असा शब्द आला, तर स्पार्क तक्रार न करता तिथे नल ठेवतो. म्हणजे मूळ फाइलमध्ये जागा रिकामी नव्हती. वाचताना ती रिकामी झाली. हे पकडायला स्कीमात ‘करप्ट-रेकॉर्ड’चा स्ट्रिंग कॉलम जोडा (त्याचं मूळ नाव अंडरस्कोरने सुरू होतं), न जमलेली अख्खी ओळ त्यात जशीच्या तशी मिळते. किंवा वाचनाची पद्धत ‘फेलफास्ट’ करा, पहिल्याच खराब ओळीवर जॉब थांबेल. नवीन पुरवठादाराकडून पहिल्यांदा फाइल येते तेव्हा मी फेलफास्टच्या बाजूने आहे.

उलटही होतं. फाइलमध्ये ‘एनए’, ‘-’, ‘निरंक’ असं लिहिलेलं असतं आणि स्ट्रिंगच्या कॉलमला ती चांगली भरलेली किंमत वाटते. ‘नल-व्हॅल्यू’ या ऑप्शनमध्ये असा एकच शब्द देता येतो. जास्त असतील तर वाचून झाल्यावर ‘व्हेन’ने बदला. डबलच्या (दशांश संख्यांच्या) कॉलममधला ‘नॅन’, म्हणजे ‘नॉट अ नंबर’, हाही नल नव्हे, तो ‘इज-नॅन’ने वेगळा मोजावा लागतो. पायथनच्या पांडाज लायब्ररीतून आलेल्या डेटात रिकामी जागा बऱ्याचदा याच रूपात असते.

कास्टचंही, म्हणजे किमतीचा प्रकार बदलण्याचंही, बघा. स्ट्रिंगचा पूर्णांक करताना न जमलेल्या किमतीचा नल होणं ही जुनी रीत. आवृत्ती ४.०पासून एएनएसआय पद्धत (एसक्यूएलच्या मानकासारखी काटेकोर) मुळातच चालू आहे, तिथे असा कास्ट एरर देतो. न जमल्यास नल हवा असेल तर ‘ट्राय-कास्ट’ असं स्पष्ट लिहावं लागतं. हा बदल मला फार आवडतो, कारण नल तयार करायचा निर्णय आता कोडमध्ये वाचता येतो.

पायरी ३: कॉलमागणिक निर्णय घ्या

ही पायरी कीबोर्डवर होत नाही. डेटा ज्यांचा आहे त्यांच्याशी बोलून होते.

ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना: हे नसतील तर ओळीला अर्थच नाही. अशी ओळ बाजूला काढायची, पण फेकायची नाही. नाकारलेल्या ओळींचं वेगळं टेबल ठेवा आणि कारणाचा कॉलम त्यात जोडा. ‘ड्रॉप-एनए’ लावून ओळी गुपचूप उडवणारी पाइपलाइन महिनाअखेरीला बेरीज जुळली नाही की कुणालाच उत्तर देऊ शकत नाही.

सवलत, थकबाकी: इथे रिकाम्याचा अर्थ खरोखरच शून्य आहे असं व्यवसायाच्या माणसाने सांगितलं, तर शून्य भरा. त्याने सांगितलं पाहिजे. आपण धरून चालायचं नाही.

वापर: हा नलेबलच राहू द्या. माहीत नसणं हीसुद्धा माहिती आहे आणि सरासरीचं बिल तिच्यावरच निघतं. सगळे कॉलम फॉल्स करून टाकण्याचा मोह होतो, कारण स्कीमा शिस्तीत दिसतो. ती शिस्त डेटाची असेल तरच तिला किंमत.

पायरी ४: एक्स्प्रेशनने फॉल्स मिळवा

हा लेखाचा गाभा आहे. स्पार्क प्रत्येक एक्स्प्रेशनचं नलेबल स्वतः काढतो. म्हणजे स्कीमा हाताने बदलायची गरज क्वचितच पडते. नल येऊच शकणार नाही असं एक्स्प्रेशन लिहा, स्कीमा आपोआप फॉल्स होतो, आणि तो शब्द खरा असतो.

‘कोअलेस(थकबाकी, लिट(०))’ घ्या. कोअलेस नल नसलेली पहिली किंमत देतं, आणि ‘लिट’ म्हणजे स्थिर किंमत. कोअलेस तेव्हाच नलेबल असतं जेव्हा त्याचे सगळे भाग नलेबल असतात. स्थिर शून्य नलेबल नाही, म्हणून निकाल फॉल्स. ‘एनए.फिल’ आतून हेच करतं, त्यामुळे त्यानेही फॉल्स मिळतो. डबलच्या कॉलममध्ये ते नॅनही भरून टाकतं, हे लक्षात ठेवा. ‘व्हेन… अदरवाइज’मध्ये सगळ्या फांद्या नलेबल नसतील तर निकाल फॉल्स, अदरवाइज विसरलात तर ट्रू. ‘काउंट’ नेहमी फॉल्स. ‘सम’, ‘मॅक्स’, ‘ॲव्हरेज’ मात्र ट्रू, कारण बेरजेला एकही ओळ न मिळाल्यास उत्तर नल असतं. पायथनमधलं यूडीएफ (आपण स्वतः लिहिलेलं फंक्शन) नेहमी ट्रू, कारण आतून काय परत येईल हे स्पार्कला कळू शकत नाही. स्कालाच्या यूडीएफने ‘इंट’सारखा प्रिमिटिव्ह परत केला तर फॉल्स, आणि इतरांसाठी ‘ॲज-नॉन-नलेबल’ ही मेथड आहे.

आता नेहमीची तक्रार: “मी ‘इज-नॉट-नल’चा फिल्टर लावला, तरी प्रिंट-स्कीमा ट्रूच दाखवतो.” हो, दाखवणारच. फिल्टर ओळी गाळतो, कॉलमची व्याख्या बदलत नाही. तार्किक प्लॅनमध्ये फिल्टरचं आउटपुट त्याच्या खालच्या टप्प्यासारखंच असतं. प्रत्यक्ष चालणाऱ्या प्लॅनमध्ये स्पार्क फिल्टरनंतरचा कॉलम नल नाही असं धरून कोड बनवतो, त्यामुळे वेगाचा जो काही फायदा आहे तो आधीच मिळालेला असतो. फक्त स्कीमात दिसावं म्हणून आणखी काही करायचं का, हा प्रश्न स्वतःला विचारा. बऱ्याचदा उत्तर नाही असं येतं.

ग्राहक क्रमांकासारख्या कॉलमसाठी मात्र करावं असं वाटू शकतं. शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग भरणं तिथे चुकीचं, कारण खोटा ग्राहक तयार होईल. अशा वेळी तीन भागांचं कोअलेस लिहा: आधी मूळ कॉलम, मग ‘रेझ-एरर(“ग्राहक क्रमांक नल आहे”)’ हे स्ट्रिंगमध्ये कास्ट करून, आणि शेवटी ‘लिट(“”)’. मूळ किंमत असेल तर तीच मिळते. नल आला तर दुसऱ्या भागाशी पोचताच जॉब तुमच्या संदेशासह थांबतो. तिसऱ्या भागापर्यंत गाडी कधी जातच नाही. तो आहे एवढ्यासाठीच की रेझ-एरर स्पार्कच्या हिशेबी नलेबल असतं, आणि फक्त दोन भाग दिले तर स्कीमा ट्रूच राहतो. रेझ-एरर हे फंक्शन आवृत्ती ३.१पासून आहे. लिहून झाल्यावर प्रिंट-स्कीमाने खात्री करा.

या युक्तीची एक मर्यादा आहे. पुढे तो कॉलम कुणी वापरलाच नाही, तर ऑप्टिमायझर तो गाळून टाकतो आणि तपासणीही त्याच्यासोबत जाते. नुसतं ‘काउंट’ चालवून “एरर आली नाही, म्हणजे डेटा स्वच्छ आहे” असं म्हणू नका. कॉलम प्रत्यक्ष लिहिला जातो तेव्हाच ही तपासणी खात्रीने होते.

पायरी ५: स्कीमा थेट बदलायचाच असेल तर

इंटरनेटवर सगळ्यात आधी सापडणारा उपाय हा: डेटाफ्रेमचा स्कीमा घ्या, हव्या त्या ‘स्ट्रक्ट-फील्ड’चं नलेबल बदला, आणि ‘क्रिएट-डेटाफ्रेम(डीएफ.आरडीडी, नवा-स्कीमा)’ चालवा (आरडीडी म्हणजे डेटाफ्रेमच्या खालचा सुट्या ओळींचा संच). तो चालतो. पण पायस्पार्कमध्ये याची किंमत जबर आहे. प्रत्येक ओळ जेव्हीएममधून (स्पार्क ज्यावर चालतं त्या जावाच्या यंत्रणेतून) पायथनमध्ये जाते, रो ऑब्जेक्ट बनते, तपासली जाते आणि परत जाते. शिवाय क्वेरीचा प्लॅन तिथे तुटतो: आरडीडीच्या अलीकडचे फिल्टर आणि कॉलमांची निवड पलीकडच्या पार्के वाचनापर्यंत पोचत नाहीत. ४० कॉलमांपैकी ३ लागत असतील तरी ४०ही वाचले जातात. स्कालात पायथनची ये-जा वाचते, प्लॅन मात्र तिथेही तुटतो. लहान संदर्भ टेबलांसाठी आणि टेस्टच्या डेटासाठी ठीक, रोजच्या मोठ्या जॉबसाठी नाही.

पायथनमध्ये ‘डीएफ.स्कीमा’तल्या फील्डचं नलेबल थेट बदलून पुढे जाणं हा दुसरा सापळा. तो स्कीमा पायथनमधली एक प्रत आहे. ती बदलून जेव्हीएममधला प्लॅन बदलत नाही. छापून पाहिलं तर बदललेलं दिसू शकतं, त्यामुळे काम झाल्याचा भास होतो. प्रिंट-स्कीमा चालवा, खरं उत्तर तिथे मिळेल.

आवृत्ती ३.४मध्ये डेटाफ्रेमवर ‘टू(स्कीमा)’ ही मेथड आली आणि तिच्याकडे अजून फारसं कुणाचं लक्ष नाही, याचं मला वाईट वाटतं. ती दिलेल्या स्कीमाप्रमाणे कॉलमांचा क्रम लावते, जादा कॉलम गाळते, प्रकार जुळवते, आणि नलेबल कॉलम फॉल्सच्या जागी बसवायला सांगितलं तर नकार देते. म्हणजे ती नलेबल बदलून देत नाही, तुम्ही ते पायरी ४ने कमावलंत का एवढं विचारते. प्लॅन बनतानाच विचारते, डेटा वाचण्याआधी. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ठरलेला स्कीमा देऊन ही एक ओळ लिहा.

उलट दिशेने, फॉल्सचा ट्रू करणं सोपं आहे: ‘व्हेन(कॉलम.इज-नॉट-नल, कॉलम)’ लिहा, अदरवाइज देऊ नका, नाव तेच ठेवा. यात धोका काही नाही.

पायरी ६: जॉइन, युनियन आणि आतले थर

पायरी ४ने मिळवलेला फॉल्स पुढे टिकेलच असं नाही. लेफ्ट जॉइनमध्ये उजवीकडचे सगळे कॉलम ट्रू होतात, फुल आउटरमध्ये दोन्हीकडचे. हे बरोबरच आहे, न जुळलेल्या ओळींना तिथे नलच मिळणार. म्हणून थकबाकी भरण्याचं कोअलेस जॉइनच्या आधी लावून उपयोग नाही, नंतर लावा. युनियनमध्ये एका बाजूला जरी ट्रू असलं तरी निकाल ट्रू.

ॲरे, मॅप आणि स्ट्रक्टमध्ये नल दोन पातळ्यांवर असतो आणि इथे गोंधळ फार होतो. ॲरे स्वतः नल असणं म्हणजे नलेबल. ॲरेतला एखादा घटक नल असणं म्हणजे ‘कंटेन्स-नल’. वर्षभराच्या रीडिंगच्या ॲरेत दोन महिने रिकामे असतील, तर तो ॲरे नल नाही, पण त्यात नल आहे. मॅपमध्ये ‘व्हॅल्यू-कंटेन्स-नल’ असतं, आणि मॅपची की कधीच नल चालत नाही. घटकांच्या पातळीवर फॉल्स हवा असेल तर ‘ट्रान्सफॉर्म’च्या आत कोअलेस लावा, ट्रान्सफॉर्म आतल्या फंक्शनचं नलेबल पाहून कंटेन्स-नल ठरवतं. ‘कलेक्ट-लिस्ट’ मुळातच नल वगळतं आणि कंटेन्स-नल फॉल्स देतं. रीडिंगच्या बाबतीत याचा अर्थ असा की १२ महिन्यांच्या यादीत १० आकडे येतील आणि कुठले दोन महिने गेले ते कळणार नाही. महिना आणि वापर यांचा स्ट्रक्ट करून तो गोळा केला तर हे टळतं, कारण स्ट्रक्ट नल नसतो, त्याच्या आतला वापर असतो.

स्ट्रक्टबद्दल एवढंच: आतलं फील्ड फॉल्स असलं तरी बाहेरचा स्ट्रक्ट नलेबल असेल, तर ते फील्ड बाहेर काढताना ट्रू होतं.

पायरी ७: पहारा साठवणीच्या जागी बसवा

डेटाफ्रेमचा स्कीमा एका जॉबपुरता असतो. पार्केच्या फोल्डरमध्ये लिहून दुसऱ्या दिवशी वाचलं की सगळं पुन्हा ट्रू. म्हणून ज्या कॉलममध्ये नल कधीच चालणार नाही, तो नियम टेबलावर लिहा, आणि असं टेबल निवडा जे तो नियम पाळून घेतं.

डेल्टा लेक आणि आइसबर्ग हे टेबलांचे असे दोन फॉरमॅट. डेल्टा लेकमध्ये टेबल बनवतानाच ‘नॉट नल’ देता येतं. नंतर लिहिताना एका ओळीत जरी नल आला तरी संपूर्ण व्यवहार रद्द होतो, अर्धवट काही लिहिलं जात नाही. ‘ॲड कन्स्ट्रेंट… चेक’ने अधिक बारीक अटी घालता येतात, उदाहरणार्थ, वापर नल असेल तर ‘रीडिंग स्थिती’ भरलेली असलीच पाहिजे. अशी अट जोडताना आधीच्या ओळीही तपासल्या जातात, त्यामुळे जुन्या टेबलावर ती घालण्याआधी पायरी २ तिथेही करा. ॲरे किंवा मॅपच्या आतल्या फील्डवर डेल्टामध्ये नॉट नल लावता येत नाही. तिथे पायरी ६चाच आधार.

आइसबर्गमध्ये कॉलम ‘रिक्वायर्ड’ किंवा ‘ऑप्शनल’ असतो. रिक्वायर्डचा ऑप्शनल करणं सोपं, उलट करणं हा सुसंगती मोडणारा बदल मानला जातो आणि मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय होत नाही. म्हणून टेबल बनवतानाच विचार करा. अशा टेबलात नलेबल डेटाफ्रेम लिहायला गेलात तर ‘नलेबल किमती नॉन-नल कॉलममध्ये लिहिता येत नाहीत’ अशा अर्थाची एरर येऊ शकते, डेटात एकही नल नसला तरी. स्पार्कने इथे फक्त स्कीमा पाहिलेला असतो. ही तपासणी बंद करणारा लिहिण्याचा ऑप्शन आइसबर्गमध्ये आहे. तो वापरण्याआधी पायरी ४कडे परत जा: तीन भागांचं कोअलेस लावलं की एररही जाते आणि खरा नल आला तर जॉबही थांबतो.

टेस्टमध्ये

पायस्पार्कची स्वतःची टेस्ट फंक्शनं, ‘असर्ट-डेटाफ्रेम-इक्वल’ आणि ‘असर्ट-स्कीमा-इक्वल’, आवृत्ती ३.५मध्ये आली. ४.०मध्ये त्यांना ‘इग्नोर-नलेबल’ हा पॅरामीटर आहे आणि तो मुळात ट्रू असतो, म्हणजे नलेबलचा फरक दुर्लक्षित होतो. बहुतेक टेस्टसाठी तसंच ठेवा, नाहीतर हाताने बनवलेल्या अपेक्षित डेटाफ्रेमचं नलेबल जुळवण्यातच दिवस जाईल. मात्र प्रत्येक टप्प्याच्या अंतिम आउटपुटसाठी एक वेगळी टेस्ट ठेवा, जी हा पॅरामीटर फॉल्स करून फक्त स्कीमा तपासते. कुणी इनर जॉइनचा लेफ्ट जॉइन केला की हीच टेस्ट सगळ्यात आधी पडते.

आणि टेस्टच्या डेटात नल घाला. ग्राहक क्रमांक नल असलेली एक ओळ, वापर नल असलेली एक, वापर ० असलेली एक. पहिली नाकारलेल्या टेबलात गेली का, दुसरीचं बिल सरासरीवर निघालं का, तिसरीचं किमान आकारावर निघालं का, हे तीन स्वतंत्र असर्ट लिहा.